आधी बोट, मग विमान: गिनी-बिसाऊच्या प्रवासाबद्दल वाचकांचे प्रश्न

सेनेगल आणि गिनी या दोन देशांच्या मध्ये, अटलांटिक किनाऱ्यावर गिनी-बिसाऊ हा जेमतेम 36 हजार चौरस किलोमीटरचा देश आहे. बिसाऊ ही त्याची राजधानी. किनाऱ्यासमोर बिजागोश द्वीपसमूहाची सुमारे 88 बेटं पसरली आहेत आणि त्यातल्या वीसेक बेटांवरच कायमची वस्ती आहे. जुलै 2025 मध्ये या बेटांचा किनारी आणि सागरी परिसर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आला. तेव्हापासून या देशाबद्दल बरीच पत्रं येत आहेत. त्यातल्या निवडक प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: तिकीट शोधताना तीन-चार ‘गिनी’ दिसतात. नेमकं कोणतं आपलं?

नाव पूर्ण वाचा. नुसतं ‘गिनी’ म्हणजे कोनाक्री राजधानी असलेला शेजारचा मोठा देश. इक्वेटोरियल गिनी मध्य आफ्रिकेत आहे आणि पापुआ न्यू गिनी तर प्रशांत महासागरात. तुमच्या तिकिटावर ‘बिसाऊ’ हे शहर आणि ‘ओएक्सबी’ हा विमानतळाचा संकेत असायला हवा. विमा आणि व्हिसाच्या अर्जातही देशाचं नाव जोडनावासह पूर्ण लिहा. चुकीच्या गिनीच्या नावावर निघालेली विमा पॉलिसी ऐन वेळी उपयोगाला येत नाही.

प्रश्न: आमच्याकडे दहा दिवस आहेत. शनिवारी उतरून पुढच्या सोमवारी परतायचं ठरवलंय. बेटं पाहून होतील ना?

या वेळापत्रकात होणार नाहीत. तिकीट अजून काढलं नसेल तर थांबा. इथे विमानाच्या तारखा सगळ्यात शेवटी ठरवायच्या असतात.

बिसाऊहून बुबाक या बेटांवरच्या मुख्य गावाला प्रवासी फेरीबोट आठवड्यातून एकदा जाते. शुक्रवारी जाणं आणि रविवारी परत, हा तिचा नेहमीचा क्रम. प्रवासाला साधारण चार ते सहा तास लागतात. सुटण्याची वेळ भरतीवर अवलंबून असल्यामुळे दर आठवड्याला बदलते. एका शुक्रवारी ती सकाळी सुटेल, तर दुसऱ्या शुक्रवारी दुपार होईल. ती वेळ आदल्या दिवशी बंदरावर जाऊन विचारावी लागते. बोट दुरुस्तीला गेली तर त्या आठवड्याची फेरी होतच नाही.

शनिवारी उतरलात तर बोट आदल्याच दिवशी गेलेली असेल आणि पुढची मिळायला सहा दिवस लागतील. त्या बोटीने शुक्रवारी जाऊन रविवारी परत आलात, तर बेटावर तुम्हाला एकच पूर्ण दिवस मिळेल. तेवढ्यासाठी इतक्या लांब जाऊ नये.

दहा दिवसांचा हिशेब असा बसतो. बुधवारी उतरा. गुरुवारी पैसे, सिमकार्ड, उद्यानाची परवानगी आणि बोटीची वेळ ही सगळी कामं बिसाऊत उरका. शुक्रवारी फेरीने बुबाकला जा. शनिवार ते मंगळवार बेटांवर राहा. परतीसाठी पुढच्या रविवारची वाट न पाहता बुधवारी वेगबोटीने बिसाऊ गाठा. ही वेगबोट इतर प्रवाशांबरोबर मिळून ठरवलेली असावी, म्हणजे खर्च वाटला जातो. गुरुवार पूर्ण मोकळा ठेवून शुक्रवारचं विमान पकडा. हा मोकळा दिवस प्रवासाचाच भाग समजा. वारा चढला, इंजिन बिघडलं किंवा पाणी उतरलं, तर तोच तुमचं विमान वाचवतो. चौदा दिवस काढता आले तर आणखी चांगलं. मग फेरीने जाऊन पुढच्या आठवड्याच्या रविवारी फेरीनेच परतता येतं आणि वेगबोटीचा खर्च पूर्ण वाचतो.

प्रश्न: खासगी बोट ठरवताना काय बघावं? हॉटेलवाल्याने सांगितलेली रक्कम फार वाटते.

रकमेतला मोठा वाटा इंधनाचा असतो. बोटीच्या मागे बाहेरून बसवलेलं 40 अश्वशक्तीचं साधं इंजिन पूर्ण वेगात तासाला साधारण 15 लिटर पेट्रोल पितं. बुबाकहून ओरांगो किंवा पोइलांव या बेटांवर जाऊन यायचं म्हणजे कित्येक तास इंजिन चालतं, शिवाय बेटांवर पोचलेलं पेट्रोल राजधानीपेक्षा महाग असतं. म्हणून भाव करताना पहिला प्रश्न ‘किती?’ हा नसावा. ‘इंधन धरून का? जाऊन-येऊन का? नावाडी तिथे थांबणार असेल तर त्याच्या रात्रीचं काय?’ हे तिन्ही आधी विचारा आणि उत्तरं कागदावर लिहून घ्या.

निघण्यापूर्वी बोट स्वतः पाहा. माणशी एक लाइफ जॅकेट बोटीत दिसलं पाहिजे. ‘किनाऱ्यावर ठेवलंय’ हे उत्तर स्वीकारू नका. जॅकेटचे पट्टे लावून पाहा, कारण तुटलेलं बकल पाण्यात काही कामाचं नसतं. दोन इंजिनं असलेली बोट उत्तम. एकच असेल तर वल्ही आणि नांगर हवेतच. इंधनाचा जुना नियम इथेही लागू पडतो: एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला आणि एक तृतीयांश राखीव. सामान जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि पासपोर्ट अंगावर ठेवा, कारण समोरून वारा असेल तर सगळे चिंब भिजतात.

आता भरती-ओहोटीबद्दल थोडं सविस्तर, कारण बहुतेक बेत इथेच फसतात. या बेटांमधला समुद्र उथळ आहे आणि भरती-ओहोटीत पाण्याची पातळी काही मीटरने बदलते. ओहोटीला मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो. त्याच चिखलावर हिवाळ्यात युरोपकडून आलेले लाखो किनारी पक्षी चरतात. भरतीला ज्या वाटेने बोट सहज जाते, तीच वाट काही तासांत कोरडी होते. भरतीच्या माथ्यापासून ओहोटीच्या तळापर्यंत सहा तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. उतरत्या पाण्यात बोट चिखलात रुतली, तर पाणी पुन्हा चढेपर्यंत तिथेच बसावं लागतं. उन्हात, बिनसावलीचे असे सात-आठ तास जाऊ शकतात. माणशी तीन लिटर पिण्याचं पाणी, टोपी आणि थोडं खाणं बोटीत असावं, ते यासाठीच.

भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा भरती मोठी येते, ओहोटीही खोल जाते आणि प्रवाहाला ओढ असते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा फरक कमी राहतो. नवख्यांसाठी लांबचा बोटप्रवास भांगाच्या दिवसांत सोपा जातो. नावाडी ‘आत्ता नको, दोन तासांनी’ म्हणाला तर घाई करू नका. दुपारनंतर वारा वाढत असेल तर तो सांगेल त्याआधी परत फिरा. आणि सामान, माणसं, बकऱ्या यांनी काठोकाठ भरलेल्या लाकडी होडीत स्वस्त पडतं म्हणून बसू नका. अशा होड्या उलटून माणसं दगावली आहेत.

प्रश्न: समुद्री कासवं अंडी घालताना पाहायची आहेत. कधी जावं?

हिरव्या कासवांचं इथलं सर्वांत मोठं ठिकाण म्हणजे द्वीपसमूहाच्या आग्नेय टोकाचं पोइलांव हे बेट. अवघं चाळीसेक हेक्टरचं असलेलं हे बेट अटलांटिकमधल्या हिरव्या कासवांच्या सर्वांत मोठ्या वीणस्थळांपैकी एक आहे. ते जोआंव व्हिएरा आणि पोइलांव सागरी राष्ट्रीय उद्यानात येतं. अंडी घालण्याचा मुख्य काळ ऑगस्ट ते ऑक्टोबर. अंडी साधारण दोन महिन्यांनी फुटतात, त्यामुळे पिल्लं डिसेंबरपर्यंत निघत राहतात.

अडचण अशी की ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाऊस भरात असतो आणि समुद्र खवळलेला असतो. एकदाच जाणं शक्य असेल तर आम्ही ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबरचा मध्य सुचवू. पाऊस ओसरलेला असतो, उशिरा आलेल्या काही माद्या अजून वाळूवर येतात आणि पिल्लं तर हमखास दिसतात.

पोइलांववर हॉटेल नाही आणि कायमची वस्तीही नाही. हे बेट कान्याबाक बेटावरच्या बिजागोश लोकांचं पवित्र स्थान आहे. तिथे कोणी जावं, कशासाठी जावं याचे त्यांचे नियम पिढ्यान्‌पिढ्यांचे आहेत. कासवं टिकली त्यामागे या नियमांचा मोठा हात आहे. म्हणून परवानगी दोन ठिकाणची लागते: राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या जैवविविधता आणि संरक्षित क्षेत्र संस्थेची, जिला सगळे ‘इबाप’ म्हणून ओळखतात, आणि स्थानिक लोकांची. इबापचं मुख्य कार्यालय बिसाऊत आहे. तिथे गुरुवारीच जाऊन तारीख, माणसं आणि बोट नोंदवा. स्थानिकांची परवानगी मार्गदर्शकामार्फत होते.

किनाऱ्यावर पांढरी विजेरी आणि फ्लॅश अजिबात चालत नाही. मादी वर येत असताना उजेड दिसला की ती अंडी न घालताच परत फिरते आणि पिल्लं उजेडाकडे, म्हणजे समुद्राऐवजी जमिनीकडे, धावतात. विजेरीला लाल काच हवी. मादी खड्डा खणून अंडी घालायला लागेपर्यंत जवळ जाऊ नका आणि गेलात तरी तिच्या मागच्या बाजूला राहा. इथेही पाण्याचं गणित येतं. बेटाभोवती खडक आहेत. भरती रात्री येईल असे दिवस निवडले तर माद्या खडकांवरून सहज किनाऱ्याला लागतात. ओहोटीत परतणाऱ्या काही माद्या खडकांमधल्या डबक्यांत अडकतात. त्यांना हात लावू नका, रक्षकांना सांगा.

प्रश्न: ओरांगोचे पाणघोडे खरंच समुद्रात असतात का? तिथे राहायची सोय काय?

खरंच असतात. ओरांगो राष्ट्रीय उद्यानातले पाणघोडे गोड्या पाण्याची तळी, खारफुटी आणि समुद्र यांत ये-जा करतात. ते पाहायला बहुधा आनोर तळ्यापर्यंत नेतात. वाट गवताळ आणि दलदलीची आहे. कधी पोटरीभर, कधी त्याहून वर पाणी लागतं. लवकर वाळणारी लांब पँट घाला आणि चिखलात निघून येणार नाहीत असे, टाच बांधलेले सँडल वापरा. स्थानिक वाटाड्याच्या पुढे जाऊ नका. पाणघोडा आणि पाणी यांच्या मध्ये माणूस आला की तो हल्ला करतो. वाटाडे तुम्हाला लांबच्या वळणाने नेतात ते याच कारणाने. समुद्रात उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, वाळूवरून सरकवत न्या. वाळूत दडलेला पाखट मासा पायाची चाहूल लागताच बाजूला होतो. त्याच्यावर पाय पडला तर मात्र शेपटीचा काटा खोल जखम करतो. तसं झालंच तर सहन होईल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा, वेदना कमी होतात. नंतर जखम स्वच्छ करून डॉक्टरांना दाखवा.

ओरांगोवर गावकऱ्यांच्या सहभागाने चालणारं निवास आहे आणि त्याच्या उत्पन्नातला वाटा गावांच्या कामांना जातो. तिथे खोली आणि बोट एकत्रच ठरवा. बोटीशिवाय नुसती खोली मिळून उपयोग नाही.

गावात, म्हणजे तिथल्या भाषेत ‘तबांका’त, गेल्यावर आधी प्रमुखाला भेटायचं असतं. ही भेट टाळून थेट कॅमेरा काढणं फार वाईट दिसतं. काही झाडं, झोपड्या आणि अख्खी रानं पवित्र असतात. बाहेरून ती ओळखू येत नाहीत, म्हणून वाट सोडू नका. दीक्षाविधीला ‘फानादु’ म्हणतात. तो चालू असेल तर त्या भागात जाऊ नका, विचारूही नका. ओरांगोच्या एतिकोगा गावात राणी ओकिंका पांपाची समाधी आहे. पोर्तुगीजांशी झुंजलेल्या या राणीचं 1930 मध्ये निधन झालं. समाधी पाहायलाही परवानगी लागते.

प्रश्न: विमान महाग पडतंय. सेनेगलमधून रस्त्याने गेलं तर?

जाता येतं आणि वाट चांगली आहे, पण व्हिसाच्या नोंदी आधी मोजा. सेनेगलची राजधानी डाकारहून गिनी-बिसाऊच्या सरहद्दीजवळच्या झिगिंशोर शहराला रस्त्याने जायची नेहमीची वाट गांबियातून जाते. 2019 मध्ये गांबिया नदीवर पूल झाल्यापासून ती सोपी झाली, पण गांबिया हा वेगळा देश आहे. तिथे शिरताना सेनेगलमधून बाहेर पडल्याचा शिक्का बसतो. सेनेगलचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर तो तिथेच संपतो आणि तुम्ही सेनेगलच्याच झिगिंशोरमध्ये शिरू शकत नाही. पुढे बिसाऊहून परत सेनेगलमध्ये यायला आणखी एक प्रवेश लागतो. म्हणून सेनेगलचा व्हिसा अनेक प्रवेशांचाच घ्या आणि डाकार ते झिगिंशोर विमानाने जा. गांबियाचा प्रश्नच मिटतो.

गिनी-बिसाऊचा व्हिसा डाकारमधल्या दूतावासातून घेता येतो. झिगिंशोरमध्येही त्यांचं वाणिज्य दूतावास आहे आणि रस्त्याने जाणारे अनेक जण तिथूनच घेतात. शनिवार-रविवारी पोचू नका. पासपोर्टच्या छायाप्रती आणि छायाचित्रं जवळ ठेवा.

झिगिंशोरच्या गाडीतळावर सात आसनांच्या जुन्या मोटारी उभ्या असतात, त्यांना ‘सेत-प्लास’ म्हणतात. सात प्रवासी भरले की गाडी सुटते, त्याआधी नाही. सकाळी सातच्या आत पोचलात तर लवकर भरते. दुपारी गेलात तर दोन-तीन तास बसून राहाल. बॅगेचे पैसे वेगळे पडतात आणि ते घासाघीस करून ठरतात. अगदी मागच्या तीन जागा गुडघ्यांचा जीव घेतात. ऐपत असेल तर दोन जागांचे पैसे द्या. सरहद्दीवर दोन्ही बाजूंना उतरून शिक्के घ्यावे लागतात. गाडी निघायच्या घाईत प्रवेशाचा शिक्का राहिला, तर देश सोडताना दंड आणि वाद निश्चित. सरहद्दीपलीकडच्या सांव दोमिंगुश गावानंतर काशेउ आणि मांसोआ या दोन नद्यांवर आता पूल आहेत, होडीची वाट पाहावी लागत नाही. सगळं सुरळीत झालं तर झिगिंशोर ते बिसाऊ साधारण चार तास धरा. अंधारात हा प्रवास करू नका. सरहद्दीजवळ लघवीलाही डांबरी रस्ता सोडून रानात शिरू नका. जुन्या लढायांतले सुरुंग आणि न फुटलेला दारूगोळा हा या भागातला खरा धोका आहे.

प्रश्न: पैसे कसे न्यावेत? कार्ड चालतं का?

रोख न्या, आणि ती युरोत. देशाचं चलन पश्चिम आफ्रिकी सीएफए फ्रँक आहे आणि त्याचा दर युरोशी बांधलेला आहे: 1 युरो म्हणजे 655.957 फ्रँक. त्यामुळे युरोचा भाव पडताळणं सोपं जातं. 100 युरोचे 65 हजारांच्या आसपास मिळाले पाहिजेत. एटीएम बिसाऊत आहेत, पण त्यांत पैसे असतील आणि वीज असेल असं गृहीत धरू नका. बेटांवर तर कार्ड विसराच. बेटांवरचा सगळा खर्च, बोट धरून, गुरुवारीच फ्रँकमध्ये करून घ्या.

हेच चलन सेनेगल, माली, टोगोसह आठ देशांत चालतं. नोटांच्या क्रमांकाजवळचं अक्षर देशाचं असतं. गिनी-बिसाऊचं एस, सेनेगलचं के. पण कोणत्याही अक्षराची नोट आठही देशांत वैध आहे, म्हणून सेनेगलची नोट परत करू नका. मध्य आफ्रिकी सीएफए फ्रँकचं मोल तेवढंच असलं तरी तो इथे चालत नाही. 10 हजारांची नोट बेटावर मोडून मिळत नाही. 500, 1000 आणि 2000 च्या नोटांचा जाड गठ्ठा करून घ्या.

प्रश्न: माझं वय 66, यजमान 70. पिवळ्या तापाची लस आणि हिवतापाच्या गोळ्या घ्यायलाच हव्यात का?

पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र प्रवेशासाठी लागतं. परतताना भारतातही ते मागतात आणि नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि एकदा घेतली की ते आयुष्यभर चालतं. मात्र ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीनंतर पहिल्यांदाच घेताना गंभीर दुष्परिणामाची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते. अंड्याची तीव्र ॲलर्जी, थायमस ग्रंथीचा आजार, कर्करोगावरचे उपचार किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर बहुधा ती देतच नाहीत. तुम्ही दोघांनीही लसीकरण केंद्रात जायच्या किमान दोन महिने आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. लस देता येत नसेल तर अधिकृत सूट-पत्र मिळतं. पण तसं असेल तर तुम्ही या प्रवासाला जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. सूट-पत्र कागद पुरवतं, आजारापासून वाचवत नाही.

हिवताप इथे वर्षभर आणि देशभर आहे, आणि तो फाल्सिपॅरम जातीचा, म्हणजे जीव घेणारा. क्लोरोक्वीन त्यावर चालत नाही. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ही गोळी जाण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून रोज, आणि परतल्यावर सात दिवस घ्यायची. ती दूध किंवा स्निग्ध खाण्याबरोबरच घ्या, नाहीतर नीट शोषली जात नाही. डॉक्सिसायक्लिन स्वस्त आहे, पण परतल्यावर चार आठवडे चालू ठेवावी लागते आणि उन्हाने त्वचा भाजते. बोटीवर हा त्रास मोठा. कोणती गोळी घ्यायची हे तुमच्या इतर औषधांवरून डॉक्टर ठरवतील. बहुतेकांची चूक परतल्यानंतर होते: घरी आलो, बरं वाटतंय, गोळ्या बंद. यकृतात दडलेले परजीवी त्यानंतर रक्तात उतरतात. परतल्यावर तीन महिन्यांत ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा आणि डॉक्टरांना देशाचं नाव सांगा.

बेटांवर मोठं रुग्णालय नाही आणि राजधानीतल्या सोयीही तोकड्या आहेत. गंभीर रुग्णाला डाकारला हलवावं लागतं. विमानाने रुग्ण हलवण्याचा खर्च विम्यात आहे का, हे पॉलिसीत वाचून घ्या.

प्रश्न: आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

उपाशी राहणार नाही, पण जेवण तेच ते होईल. भात हे इथलं मुख्य अन्न. त्यावरचा शेंगदाण्याचा दाट रस्सा, ‘काल्दु दि मांकारा’, आपल्या जिभेला ओळखीचा वाटेल, पण तो कोंबडी किंवा मासळी घालूनच शिजवतात. भेंडीचा रस्सा आणि पाम तेलातलं कालवणही तसंच. ‘मांस नको’ म्हटलं तर मासळी येते, म्हणून तिथल्या क्रिओल भाषेत दोन्ही शब्द सांगायचे: ‘न का ता कुमे कार्नी, निन पिश’, म्हणजे मी मांस खात नाही, मासेही नाही. जेवणाची मागणी दोन-तीन तास आधी द्या म्हणजे वेगळं शिजवतील. पाव, अंडी, केळी, शेंगदाणे, काजू सहज मिळतात. एप्रिल-मेमध्ये आंबे आणि काजूची बोंडं भरपूर असतात. प्रथिनांसाठी सातूचं पीठ किंवा भाजलेली डाळ सोबत ठेवा.

भाषेचं म्हणाल तर सरकारी भाषा पोर्तुगीज, पण लोकांची भाषा क्रिओल. इंग्रजीवर विसंबू नका. भेटल्यावर ‘कुमा दि कुर्पु?’ म्हणजे तब्येत कशी आहे, असं विचारा आणि मगच कामाचं बोला. थेट भाव विचारणं उद्धट मानतात. ‘कांतु?’ म्हणजे किती. ‘जितु का तेन’ हे शब्द वारंवार ऐकू येतील: इलाज नाही. बोटीबद्दल कोणी असं म्हटलं तर खरंच इलाज नसतो, वाद घालू नका.

प्रश्न: तिथे सतत सत्तापालट होतात असं वाचलं. जाणं शहाणपणाचं आहे का?

काळजी रास्त आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये निवडणुकीचा निकाल लागण्याच्या तोंडावर लष्कराने सत्ता हाती घेतली आणि सीमा काही काळ बंद झाल्या. याआधी 2012 मध्येही तसं झालं होतं. अशा घटनांत पर्यटक सहसा लक्ष्य नसतात, पण विमानं थांबतात, रस्ते बंद होतात आणि माणूस अडकतो. निवडणुकीच्या आधीचे आणि नंतरचे आठवडे टाळा. निघायच्या आठवड्यात प्रवाससूचना पुन्हा वाचा. चार-पाच दिवस पुरतील इतके युरो वेगळे शिवून ठेवा. नागरी अशांततेतून झालेला खर्च बहुतेक विमा पॉलिसी देत नाहीत, तेही तपासा.

सैनिक, पोलीस, बंदर, विमानतळ आणि राष्ट्रपतिभवन यांचे फोटो काढू नका. बिसाऊतला आमुरा किल्ला ही लष्करी जागा आहे. स्वातंत्र्यलढ्याचे नेते अमिल्कार काब्राल यांची समाधी तिथेच आहे. पहारेकऱ्याला विचारूनच आत जा. बांदिं बाजारात खिसे सांभाळा, आणि रात्री शहरात चालण्याऐवजी टॅक्सी करा. इथल्या निळ्या-पांढऱ्या टॅक्सीत वाटेत इतर प्रवासी घेतात, त्यात वावगं काही नाही.

प्रश्न: बेटांनंतर दक्षिणेतल्या कांतान्येझ राष्ट्रीय उद्यानात चिंपांझी पाहायला जायचंय. तीन दिवस पुरतील?

बिसाऊहून उद्यानातल्या येंबेरें गावापर्यंत रस्त्याचा एक पूर्ण दिवस जातो, तेवढाच परतीला. मधल्या एका सकाळी चिंपांझी दिसतीलच असं नाही. पाच दिवस असतील तरच जा. चारचाकी ताकदीची गाडी लागते आणि जून ते ऑक्टोबर रस्ता चिखलात जातो. इथल्या काही चिंपांझींना कुष्ठरोग झाल्याचं 2021 मध्ये प्रसिद्ध झालं. माणसाचे आजारही त्यांना सहज लागतात. सर्दी-खोकला असेल तर जंगलात जाऊ नका, मास्क लावा आणि किमान दहा मीटर लांब राहा.

प्रश्न: कार्निव्हल कधी असतो?

ईस्टरच्या 47 दिवस आधीचा मंगळवार हा मुख्य दिवस, म्हणजे फेब्रुवारी किंवा मार्च. वस्त्या-वस्त्यांची पथकं मुखवटे घेऊन राजधानीत उतरतात. हवाही तेव्हा कोरडी आणि सुखाची असते. खोल्या काही महिने आधी ठरवा, आणि बेटांवर जायचा शुक्रवार कार्निव्हलनंतरचा धरा. त्या आठवड्यात बोटींची गर्दी शहराकडे येणारी असते.